वेगळा केलेला सुका कचरा पुन्हा पुन्हा का नाकारला जातो? कारणांचा शोध आणि उपाय

घरात ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे स्वतंत्र आहेत, कशात काय टाकायचे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही कचरा गोळा करणारे सुक्या कचऱ्याची पिशवी परत करतात किंवा वर्गीकरण केंद्रात तिच्यातला मोठा हिस्सा बाजूला काढून कचराभूमीकडे रवाना केला जातो, ही अडचण वर्गीकरण मनापासून करणाऱ्यांनाही वारंवार येते. काही दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. अशा वेळी बहुतेक जण आणखी एक डबा आणतात किंवा डब्यावर मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवतात. माझ्या मते उपाय चुकीच्या जागी होतो म्हणूनच अडचण परतून येते. वस्तू रिकामी झाल्यापासून ती डब्यात पडेपर्यंतच्या मिनिटभरात तिचे पुढचे सगळे ठरते: ती कोरडी आहे का, तिला काही चिकटलेले आहे का आणि ती एकाच पदार्थाची बनलेली आहे का. या तीन प्रश्नांची उत्तरे बिघडली असतील, तर डबे कितीही वाढवले तरी फरक पडत नाही.

आधी नाकारलेली पिशवी उघडून पाहावी

अंदाजाने उपाय करण्यापूर्वी परत आलेली किंवा पुढे जाणार असलेली एक पूर्ण पिशवी हातमोजे घालून जुन्या वर्तमानपत्रावर रिकामी करावी. ओलसर किंवा चिकट वस्तू एकीकडे, दोन-तीन पदार्थ एकमेकांना चिकटवून बनवलेल्या वस्तू दुसरीकडे, फार लहान तुकडे आणि गाठ मारलेल्या छोट्या पिशव्या तिसरीकडे, आणि मुळातच सुक्या कचऱ्यात येऊ नयेत अशा वस्तू चौथीकडे ठेवाव्यात. बहुतेक वेळा एखादाच ढीग इतरांपेक्षा ठळकपणे मोठा निघतो आणि त्या ढिगापासूनच सुरुवात करणे योग्य असते. चारही दोष एकाच आठवड्यात दूर करण्याचा प्रयत्न केला, तर घरातील माणसे कंटाळतात आणि मूळ सवय कायम राहते.

ओल आणि अन्नाचे अंश

नाकारल्या जाणाऱ्या मालामागचे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्याचा पहिला फटका कागदाला बसतो. रद्दीपासून नवा कागद करताना ती मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळून तिचा लगदा केला जातो, आणि शाई, पिना, गोंद यांतील बराचसा भाग त्यातून वेगळा काढता येतो. तेल मात्र पाण्यात विरघळत नाही. ते तंतूंना धरून राहते, तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधले जाऊ देत नाही आणि तयार कागदावर डाग व कच्च्या जागा सोडते. कागदाचा तंतू साधारण पाच ते सात वेळा पुन्हा वापरता येतो, कारण प्रत्येक फेरीत तो थोडा आखूड होतो. ज्या कागदाच्या आणखी चार-पाच फेऱ्या होऊ शकल्या असत्या तो चमचाभर तेलामुळे पहिल्याच फेरीत बाद व्हावा, हे मला खरोखर खटकते.

त्याहून वाईट म्हणजे ओल एका वस्तूपुरती थांबत नाही. तळाशी घोटभर पेय उरलेली एक बाटली पिशवीत आडवी पडली, की तिच्यातून झिरपलेला द्रव आसपासचे कागद, पुठ्ठे आणि पाकिटे भिजवतो. पिशवी बंद राहिल्यास दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. वर्गीकरण करणाऱ्याच्या हातात ती पिशवी येते तेव्हा त्यातला प्रत्येक कागद स्वतंत्रपणे तपासायला त्याच्याकडे वेळ नसतो, त्यामुळे पूर्ण पिशवीच बाद ठरते. खरेदीदारांच्या अटीही कडक असतात. चीनने 2018 मध्ये आयात होणाऱ्या रद्दी आणि प्लॅस्टिकच्या अनेक प्रकारांवर बंदी घातली आणि उरलेल्या बहुतेक प्रकारांसाठी अशुद्धीची मर्यादा 0.5 टक्क्यांवर आणली, तेव्हा वर्षानुवर्षे विकला जाणारा माल अनेक देशांत अक्षरशः पडून राहिला. माल तोच होता, पण तो पुरेसा स्वच्छ नव्हता.

उपाय तीन टप्प्यांचा आहे. डबा किंवा बाटली रिकामी झाल्यावर आतले उरलेसुरले चमच्याने खरवडून ओल्या कचऱ्यात टाकावे. मग भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात ती वस्तू एकदा खळबळून घ्यावी. त्यासाठी स्वतंत्र स्वच्छ पाणी, त्यातही गरम पाणी, खर्च करण्याची गरज नाही. शेवटी ती उपडी ठेवून वाळू द्यावी आणि पूर्ण वाळल्यावरच डब्यात टाकावी. स्वच्छता किती असावी याबद्दल अनेकांच्या मनात गोंधळ असतो. जेवणाच्या ताटाइतकी चकाकी अपेक्षित नाही. वस्तू उलटी केल्यावर थेंब पडू नये, बोट चिकटू नये आणि आठवडाभर बंद पिशवीत राहिल्यावर वास येऊ नये, एवढे पुरते.

वाळवण्याची पायरी सर्वांत आधी सुटते, आणि त्याचे कारण आळस असेलच असे नाही. सुक्या कचऱ्याचा डबा मोरीपासून किंवा सिंकपासून दूर असला, तर ओली वस्तू हातात घेऊन उभे राहण्यापेक्षा माणूस ती सरळ टाकून मोकळा होतो. सिंकशेजारी एखादी जाळीची टोपली ठेवून खळबळलेल्या वस्तू तिच्यात उपड्या घालाव्यात आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम डब्यात रिकाम्या कराव्यात. एवढ्या एका बदलाने ओलीचा प्रश्न बहुतांशी मिटतो.

कागदाची पिशवी मात्र शक्य असल्यास बाटल्या-डब्यांपासून वेगळीच असावी. खाद्यपदार्थांच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून ओल्या कचऱ्यात आणि कोरडे झाकण रद्दीत, असे एकाच खोक्याचे दोन भाग करता येतात. वापरलेले टिश्यू कागद रद्दीत टाकू नयेत. दुकानात मिळणाऱ्या गुळगुळीत पावत्याही टाकू नयेत, कारण तो उष्णतेने उमटणारा कागद असतो आणि त्याच्या लेपात बऱ्याचदा बिस्फेनॉल गटातील, आरोग्याला घातक मानली जाणारी रसायने असतात. युरोपीय संघाने त्यांपैकी बिस्फेनॉल एच्या अशा कागदातील वापरावर 2020 पासून बंधन आणले आहे. अशी पावती खतातही जाऊ नये.

एका वस्तूत अनेक पदार्थ

पिशवी कोरडी आणि स्वच्छ असूनही परत येत असेल, तर दुसरा ढीग पाहावा. द्रवरूप साबणाच्या बाटलीचा पंप एकदा सवडीने सुटा करून पाहण्यासारखा असतो. दाबायची टोपी एका प्लॅस्टिकची असते, खाली जाणारी नळी बहुधा दुसऱ्याच प्लॅस्टिकची असते, मधल्या नळकांड्यात स्टीलची स्प्रिंग असते आणि तिच्याखाली झडपेचे काम करणारी धातूची किंवा काचेची बारीक गोळी असते. बोटभर लांबीच्या त्या यंत्रात तीन-चार पदार्थ एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की ते वेगळे काढण्याचे कष्ट कोणत्याही वर्गीकरण केंद्राला परवडत नाहीत. बाटली मात्र एकाच प्लॅस्टिकची असते आणि तिला चांगली मागणी असते. म्हणून पंप काढून ठेवावा, बाटली धुऊन सुक्या कचऱ्यात टाकावी आणि तोच पंप पुढच्या बाटलीला लावून पुन्हा भरण्यासाठी मिळणाऱ्या (रिफिल) पिशवीतला साबण वापरावा.

टिकाऊ दूध आणि फळांचे रस ज्या चौकोनी पाकिटांत येतात त्यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. अशा पाकिटात साधारण 75 टक्के पुठ्ठा, 20 टक्के पॉलिथिन आणि 5 टक्के ॲल्युमिनियम असते. त्यातला पुठ्ठा उत्तम प्रतीचा असतो, पण तो थरांतून सोडवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा लागते. जिथे अशी यंत्रणा आहे तिथे ही पाकिटे कात्रीने उघडून, धुऊन, चपटी करून वेगळ्या गठ्ठ्यात दिल्यास स्वीकारली जातात. सामान्य रद्दीत मिसळली, तर लगद्याच्या टाकीत ती वेळेत विरघळत नाहीत आणि गाळ म्हणून बाहेर फेकली जातात. कागदी कपांचेही तसेच आहे, कारण त्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. शंका आल्यास कपाची कड हळूहळू फाडावी. कागद फाटून आत ताणली जाणारी पारदर्शक कड दिसली, तर तो साधा कागद नव्हे.

चकचकीत वेष्टनांसाठी मुठीची परीक्षा सोपी आहे. वेष्टन मुठीत घट्ट चुरगाळून हात उघडावा. ते चुरगळलेलेच राहिले तर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा (फॉइल) असण्याची शक्यता मोठी, आणि सावकाश उलगडू लागले तर ती धातूचा अतिसूक्ष्म मुलामा दिलेली प्लॅस्टिकची फिल्म समजावी. स्वच्छ ॲल्युमिनियम आवर्जून वाचवावे, कारण खनिजापासून नवे बनवण्याच्या तुलनेत ते वितळवून पुन्हा वापरल्यास सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. मात्र पत्र्याचे कपटे सुटे टाकू नयेत. ते साठवून मुठीएवढा गोळा झाल्यावर द्यावेत.

त्रिकोणातला आकडा आणि त्याचा चुकीचा अर्थ

प्लॅस्टिकच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात 1 ते 7 पैकी एक आकडा दिसला, की वस्तू पुनर्वापरयोग्य आहे असे समजून ती निर्धास्तपणे टाकली जाते. ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने 1988 मध्ये ही पद्धत सुरू केली, आणि त्या आकड्यातून वस्तू कोणत्या प्लॅस्टिकची आहे एवढेच कळते. या गैरसमजामुळेच 2013 मध्ये मानकात बदल करून बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण ठरवण्यात आला, पण जुने साचे आणि जुनी सवय यांमुळे बाण अजूनही दिसतात. 1 म्हणजे पेय आणि पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी, 2 म्हणजे जाड अपारदर्शक बाटल्यांचे एचडीपीई आणि 5 म्हणजे डबे-झाकणांचे पॉलिप्रॉपिलिन. या तिघांना सहसा घेणारे मिळतात. 3 क्रमांकाचे पीव्हीसी, 6 क्रमांकाचे पॉलिस्टायरीन आणि उरलेसुरले सारे ज्यात येते तो 7 क्रमांक, यांना घरगुती कचऱ्यातून घेणारे फार थोडे असतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार 2015 पर्यंत निर्माण झालेल्या एकूण प्लॅस्टिक कचऱ्यापैकी सुमारे 9 टक्केच पुनर्चक्रित झाला होता. त्रिकोणावर किती विसंबावे, हे या आकड्यावरून लक्षात येईल.

पीईटीच्या गठ्ठ्यात पीव्हीसीचे थोडेसे तुकडे जरी गेले तरी नुकसान होते, कारण पीईटी ज्या तापमानाला, म्हणजे साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअसला, वितळते तिथे पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सोडू लागते आणि सगळा माल पिवळट व ठिसूळ होतो. आकडा पुसला गेला असेल तर घरी एक परीक्षा करता येते. वस्तूचा नखाएवढा तुकडा कापून, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून त्यात बोटाने पूर्ण बुडवावा, जेणेकरून त्याला हवेचे बुडबुडे चिकटून राहणार नाहीत, आणि मग सोडावा. पाण्याची घनता 1 धरली तर पॉलिप्रॉपिलिनची सुमारे 0.9 आणि एचडीपीईची 0.95 च्या आसपास असल्यामुळे ते वर येतात, तर 1.38 घनतेचे पीईटी, त्याच सुमाराचे पीव्हीसी आणि पाण्यापेक्षा किंचितच जड असलेले भरीव पॉलिस्टायरीन तळाशी जातात. बुडालेल्यांपैकी पीईटी कोणते आणि पीव्हीसी कोणते, हे या परीक्षेने कळत नाही. म्हणून बुडणारा आणि आकडा नसलेला तुकडा बाटलीचा नसेल, तर तो पीईटीत मिसळू नये. कारखान्यातही बाटल्यांचा चुरा करून झाकणांचा चुरा याच तत्त्वावर पाण्यात वेगळा केला जातो. त्यामुळे अनेक ठिकाणी रिकामी बाटली दाबून झाकण परत लावून देण्यास सांगतात. आपल्याकडून माल घेणाऱ्याची पद्धत याबाबत एकदा विचारून घ्यावी.

बाटलीला वरपासून खालपर्यंत गुंडाळलेले रंगीत प्लॅस्टिकचे आवरण असेल तर ते फाडून काढावे, कारण वर्गीकरण यंत्राचा प्रकाशसंवेदक आतली बाटली न वाचता आवरणच वाचतो. काळ्या प्लॅस्टिकच्या तबकांबाबतही अशीच अडचण असते. त्यांच्या रंगातला कार्बन यंत्राचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे यंत्राला ती दिसतच नाहीत.

लहान तुकडे, बांधलेल्या पिशव्या, काच

बाटलीच्या झाकणापेक्षा लहान वस्तू सुट्या टाकल्या, तर त्या चाळणीतून गळून जातात. गाठ मारलेली पिशवी तर वेग सांभाळण्यासाठी अनेकदा न उघडताच बाजूला फेकली जाते, म्हणून आत कितीही शुद्ध माल असला तरी तो मोकळाच द्यावा. काचेत फक्त बाटल्या आणि बरण्या द्याव्यात. उष्णतारोधक काचेची भांडी, आरसे आणि चिनी मातीचे तुकडे तिच्यात मिसळू नयेत. बाटलीच्या काचेच्या भट्टीत चिनी माती वितळत नाही आणि तिचे खडे नव्या बाटलीच्या भिंतीत राहून ती तिथेच तडकते.

ओल्या कचऱ्याचा वास आणि त्याचा सुक्यावर होणारा परिणाम

ओला कचरा घरी खत करून जिरवू पाहणाऱ्यांचा उत्साह वासामुळे मावळतो आणि मग तोच कचरा हळूहळू सुक्या पिशवीत शिरू लागतो. म्हणून ही दुरुस्तीही इथेच सांगणे आवश्यक आहे. नाकाने निदान होते. तिखट, नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झाले आहे, आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त व हवा कमी झाली आहे. दोन्हींवर औषध जवळजवळ सारखेच: वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा बारीक फाडलेला, चिकटपट्टी काढलेला साधा पुठ्ठा मिसळून ढीग सैल करावा. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण 25 ते 30 भागांस 1 असे राहिले तर काम चांगले चालते, पण घरी मोजमाप करत बसण्याची गरज नाही. मूठभर मिश्रण हातात दाबल्यावर ते एकत्र राहावे आणि एखाद-दोन थेंबांपेक्षा जास्त पाणी निघू नये, एवढे पाहिले तरी पुरे. रद्दीवाले जो ओलसर पुठ्ठा घेत नाहीत तो इथे कामी येतो. हाच ओला कचरा कचराभूमीत दाबला गेला तर हवेअभावी त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापमानवाढ घडवतो.

घरगुती पुनर्वापरातून उद्भवणारी अडचण

टाकाऊतून टिकाऊ बनवण्याची आवड चांगली आहे, परंतु नाकारलेल्या पिशव्यांत अशा वस्तूही बऱ्याच सापडतात. स्वच्छ पीईटी बाटलीवर ऑइल पेंट दिला, तिच्यावर दोरा आणि मणी फेविकॉलने चिकटवले, की ती काही महिने शोभेची वस्तू होते आणि त्यानंतर कोणत्याही कारखान्याला उपयोगाची राहत नाही. ज्या वस्तूला आधीच चांगला खरेदीदार आहे ती तशीच द्यावी, आणि कल्पकता ज्यांना खरेदीदार नाही त्यांच्यासाठी राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. बदल न करता वापरणे सर्वांत चांगले: रुंद तोंडाची काचेची बरणी वर्षानुवर्षे साठवणीला चालते, जुन्या सुती कपड्यांची फडकी टिश्यू कागदाची जागा घेतात, मजबूत खोकी पुन्हा पार्सलला वापरता येतात. काही जोडायचे झाल्यास गोंदाऐवजी दोरी किंवा स्क्रू वापरावा म्हणजे शेवटी भाग सुटे करता येतील. पीईटीच्या बाटलीत गरम पदार्थ भरू नये, कारण 70 अंशांच्या आसपास ती मऊ पडून आकार सोडते. कीटकनाशकाचा किंवा वंगणतेलाचा डबा कितीही धुतला तरी खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वापरू नये.

ज्यांमुळे माणसांना इजा होते

चौथ्या ढिगात सुया, ब्लेड, औषधे, बल्ब किंवा बॅटऱ्या आढळल्या तर त्या दिवसापासूनच त्यांची वेगळी व्यवस्था करावी. लिथियम बॅटरी दाबयंत्रात चेपली गेली की आत लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) होऊन ती पेट घेते, आणि तिच्याभोवती कोरडा कागद व प्लॅस्टिक असते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती स्वतंत्र डबीत साठवावी आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वरून तसे लिहावे. आपली पिशवी कुणीतरी हातांनी उघडणार आहे.

एवढे करूनही पिशवी परत आली तर

मग दोष बहुधा आपल्या वर्गीकरणात नसतो, त्या मालाला परिसरात खरेदीदारच नसतो. फोमचे पॅकिंग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यात 95 टक्क्यांहून अधिक हवाच असते, त्यामुळे वाहतुकीचा खर्च मालाच्या मोलापेक्षा जास्त होतो. बहुथरी पाकिटे आणि पातळ मळकट फिल्म यांचेही तेच होते. कचरा घेणाऱ्याला ‘हे चालेल का?’ असे विचारण्याऐवजी ‘यातले पुढे काय विकले जाते?’ असे विचारावे. उत्तर अधिक स्पष्ट मिळते. मग महिनाभर नाकारल्या गेलेल्या वस्तूंची यादी ठेवावी आणि यादीत जी वस्तू सर्वांत जास्त वेळा आली असेल, तिच्यापुरता खरेदीतला पर्याय शोधावा: तीच वस्तू सुटी, मोठ्या पॅकमध्ये, काचेत, धातूच्या डब्यात किंवा निदान एकाच प्लॅस्टिकच्या वेष्टनात मिळते का, हे पाहावे. पर्याय सापडून तो घरात रुळल्यावरच यादीतली पुढची वस्तू हाती घ्यावी.